मृत्युपत्राचे साक्षीदार कोठून आणावेत? नागपुरात नव्याने आलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मृत्युपत्राचा मसुदा पसंत पडला, मालमत्तेचे वर्णन तपासून झाले आणि सहीचा दिवस ठरवायची वेळ आली, की मिहानमधील नोकरीमुळे किंवा निवृत्तीनंतर मुलाकडे बेसा-मनीषनगर भागात राहायला आलेले आमचे बहुतेक ग्राहक एकच प्रश्न विचारतात : "इथे आमच्या ओळखीचे कोणी नाही, साक्षीदार तुमच्या कार्यालयातलेच दिले तर चालणार नाही का?" या प्रश्नाचे उत्तर टेबलापाशी उभ्या उभ्या दिले की ते हमखास अर्धवट राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहून ठेवत आहोत.

आमचे कर्मचारी सही करू शकत नाहीत असे कायदा म्हणत नाही. तरीही आम्ही ते करत नाही आणि त्याचे कारण सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. मृत्युपत्राचा खरा उपयोग ते करणारी व्यक्ती हयात नसताना होतो. त्यावर कोणी हरकत घेतली, तर साक्षीदारांपैकी किमान एकाला, तो हयात व साक्ष देण्यास समर्थ असल्यास, न्यायालयात उभे करावे लागते. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६८ मध्ये असलेली ही तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६७ मध्ये आहे. इतर नोंदणीकृत दस्तांना या बाबतीत जी सूट मिळते तीतून मृत्युपत्र मुद्दाम वगळलेले आहे, त्यामुळे "आम्ही रजिस्टर करून घेऊ, मग साक्षीदार कोणीही असला तरी काय बिघडते?" हा युक्तिवाद टिकत नाही. आमच्याकडे टायपिंग करणारी मुले दोन-तीन वर्षांत दुसरीकडे जातात, आणि ज्या मुलाने आपल्याला आयुष्यात एकदाच, तेही वीस मिनिटे पाहिले, तो पंधरा वर्षांनी "हे गृहस्थ त्या दिवशी पूर्ण शुद्धीत होते" असे कोणत्या आधारावर सांगणार? कामापुरते उभे राहणारे साक्षीदार शहरात मिळतात हे आम्हालाही ठाऊक आहे. ते त्या दिवशी स्वस्त पडतात, एवढेच.

साक्षीदार नागपूरचाच रहिवासी असावा अशी कोणतीही अट नाही, हे ऐकून अनेकांना हायसे वाटते. यवतमाळचे जुने सहकारी, अमरावतीचे शेजारी किंवा लग्नकार्यासाठी आलेले गावाकडचे स्नेही चालतात, आणि आपणच दोन दिवस गावी जाणार असाल तर आम्ही तयार केलेले मृत्युपत्र तेथे सही करूनही पूर्ण करता येते. साक्षीदाराने मजकूर वाचण्याचीही गरज नसते. तो सहीचा साक्षीदार असतो, वाटणीचा नव्हे. "सोसायटीत आत्ताच राहायला आलो, शेजाऱ्यांना आमची शेती नि ठेवी कशाला कळाव्यात?" ही शंका रास्त आहे, पण सहीचे पान तेवढे उघडे ठेवून बाकीचा मजकूर झाकता येतो, आणि आम्ही तसेच करतो. रोज सकाळी फिरायला सोबत असणारे गृहस्थ, भजनी मंडळातल्या ताई, सोसायटीचे सचिव किंवा नेहमीचे डॉक्टर यांना विचारायला संकोच करू नये. डॉक्टर तयार झाले तर उत्तमच, कारण त्याच तारखेचे प्रकृतीचे प्रमाणपत्रही त्यांच्याकडून घेता येते. साक्षीदार शक्यतो आपल्यापेक्षा वयाने लहान असावा. पंचाहत्तरीच्या गृहस्थांनी अठ्ठ्याहत्तरीचे मित्र आणले की आम्हाला नाइलाजाने हे बोलावे लागते. बदलीच्या नोकरीतील साक्षीदाराचा क्वार्टरच्या पत्त्याबरोबर कायमचा पत्ताही लिहून घ्यावा.

आमचा आणि आपला सर्वाधिक वेळ खाणारी चूक मात्र साक्षीदार मिळाल्यानंतर होते. ग्राहक छापील मृत्युपत्र घरी नेतात, रात्री निवांतपणे सही करतात, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा तो कागद कचेरीत नेऊन दोन सहकाऱ्यांच्या सह्या आणतो. एका निवृत्त शिक्षकांच्या बाबतीत नेमके हेच झाले : सहकारी सज्जन होते, सह्या खऱ्या होत्या, आधारच्या प्रतीही जोडलेल्या होत्या, पण वडील घरी आणि साक्षीदार कँटीनमध्ये. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे दोन किंवा अधिक साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे, किंवा "ही सही माझी आहे" असे त्याच्याकडून स्वतः ऐकलेले असावे; शिवाय साक्षीदाराने आपली सही त्याच्या समक्षच करावी लागते. येथे यांतले काहीच घडले नव्हते. सगळे पुन्हा छापावे लागले आणि मे महिन्याच्या उन्हात त्या वृद्ध गृहस्थांना दोन फेऱ्या अधिक पडल्या. नोटरीच्या शिक्क्याने ही उणीव भरून निघत नाही, आणि व्हिडिओ कॉलवर सह्या उरकण्याची विनंती आम्ही मान्य करत नाही. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असावेत असे मात्र कायद्याचे बंधन नाही; एक आज आणि दुसरा रविवारी आला तरी चालते, फक्त दोन्ही वेळी आपण समोर असले पाहिजे.

ज्याला मृत्युपत्राने काही मिळणार आहे त्याला, किंवा त्याच्या पती-पत्नीला, साक्षीदार करू नये. ख्रिस्ती व पारशी ग्राहकांच्या बाबतीत उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६७ नुसार त्या साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला दिलेला हिस्साच रद्द होतो. हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांना ते कलम लागू नाही, तरीही सुनेची साक्ष असलेले मृत्युपत्र मुलीने संशयाने पाहिले तर तिला दोष कसा द्यावा? मुस्लिम ग्राहकांच्या मृत्युपत्राचे नियम वेगळे असल्याने त्यांच्याशी आम्ही स्वतंत्रपणे बोलतो.

नोंदणी ऐच्छिक आहे आणि मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. दुय्यम निबंधकांसमोर आपली ओळख पटवणाऱ्या व्यक्ती लागतात, पण ओळख पटवणे आणि मृत्युपत्रावर साक्ष देणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. तीच माणसे दोन्ही करू शकतात, मात्र एका कामाच्या सहीने दुसरे झाले असे होत नाही. नोंदणी करायची असल्यास आम्ही दोन्ही कामे एकाच फेरीत बसवून देतो.

सहीच्या बैठकीसाठी आम्ही वेगळे शुल्क आकारत नाही. मसुद्याच्या रकमेत ती धरलेली असते आणि तिला साधारण अर्धा तास लागतो. जिना चढणे अवघड असलेल्या ज्येष्ठांकडे शहर हद्दीत आम्ही घरी येतो, उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत. साक्षीदारांची नावे, वये व कायमचे पत्ते दोन दिवस आधी कळवावेत, प्रत्येकाने येताना ओळखपत्राची मूळ प्रत आणावी, आणि कागद त्याआधी आपल्या हाती आला असल्यास त्यावर कोणीही, आपण स्वतःसुद्धा, सही करू नये.