तणांच्या बिया खाणारे भुंगेरे : एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

युरोप आणि उत्तर अमेरिकेत तणनियंत्रणाची चर्चा निघाली की अलीकडे तणनाशकांच्या जोडीने कॅराबिडी कुळातील भुंगेऱ्यांचेही नाव निघते. ते तणांच्या कोणत्या बिया पसंत करतात आणि का, हा तो जुना प्रश्न. रात्री जमिनीवर धावणारे आणि दिवसा ढेकळांखाली दडणारे हे काळपट, चकचकीत किडे दीर्घकाळ निव्वळ शिकारी मानले गेले. अळ्या, मावा, गोगलगायी खाणारा शेतकऱ्याचा मित्र अशीच त्यांची ओळख होती. त्यांतील काही जाती बियांवरही ताव मारतात हे दिसत नव्हते असे नाही; पण जे दिसत होते त्याला अपवाद म्हणून बाजूला ठेवण्याकडे अभ्यासकांचा कल होता.

अपवादाचे ठळक उदाहरण म्हणजे झाब्रस. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील हाले परिसरात या भुंगेऱ्याने धान्याच्या पिकाची नासाडी केल्याची नोंद झाली. त्याची अळी गव्हाची कोवळी पाने खाते आणि प्रौढ भुंगेरा ओंबीवर चढून दाणे कुरतडतो. हार्पलस रुफिपेस ही जात स्ट्रॉबेरीच्या फळावरील बारीक बिया उचकटून काढते आणि फळ विद्रूप करते, म्हणून इंग्लंडमधील बागायतदार तिला ‘स्ट्रॉबेरी सीड बीटल’ म्हणून ओळखू लागले. म्हणजे बी खाणाऱ्या भुंगेऱ्याची पहिली ओळख झाली ती उपद्रवी कीड म्हणून. त्याच्या तोंडी पिकाऐवजी तणाचे बी गेले, तर त्याची दखल घेण्याचे कोणालाच कारण नव्हते.

हे भुंगेरे निव्वळ शिकारी आहेत या समजुतीला पद्धतशीर धक्का दिला तो अमेरिकेतील इलिनॉय राज्याचे कीटकशास्त्रज्ञ स्टीफन फोर्ब्स यांनी. पक्षी आणि मासे यांच्या पोटातील अन्न तपासून त्यांचा आहार ठरवणारे फोर्ब्स तीच पद्धत किड्यांकडे घेऊन गेले आणि १८८३ मध्ये त्यांनी कॅराबिडी भुंगेऱ्यांच्या आहारावरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. आतड्यांत किड्यांच्या अवशेषांबरोबरच वनस्पतींचे कण भरपूर सापडले आणि हार्पलससारख्या गटांत तर त्यांचा वाटा मोठा होता. मात्र चावून बारीक झालेला गर नेमका कोणत्या बीचा, हे सूक्ष्मदर्शकाखाली सांगणे अवघड असल्याने ‘बी खातो’ इथपर्यंत उत्तर मिळाले, ‘कोणते बी पसंत करतो’ हे मात्र अनुत्तरितच राहिले.

विसाव्या शतकात जमिनीत पेला पुरून किडे पकडण्याचा सापळा रूढ झाला, तेव्हा कोणत्या शेतात कोणत्या जाती आहेत याची माहिती ढिगाने जमली. हा सापळा किड्यांच्या संख्येपेक्षा त्यांची धावपळ अधिक मोजतो, कारण भुकेला किडा जास्त हिंडतो आणि म्हणून जास्त सापडतो. आहाराबद्दलच्या कित्येक जुन्या निष्कर्षांना या उणिवेची बाधा झाली असावी, असे माझे मत आहे.

पसंतीचा प्रश्न खऱ्या अर्थाने धसास लागला तो चेक प्रजासत्ताकात, प्राग शहराच्या रुझिन्ये भागातील पीक संशोधन संस्थेत. आलोइस होनेक, झ्देन्का मार्टिन्कोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची युक्ती साधी होती. पत्र्याच्या छोट्या, उथळ डबीत मुलांच्या खेळातले प्लॅस्टिसिन भरायचे, त्यात बिया अर्ध्या दाबून बसवायच्या आणि डबी जमिनीच्या पातळीवर ठेवायची. वाऱ्या-पावसाने बी हलत नाही, किडा मात्र ते खाऊ शकतो आणि किती बिया गेल्या हे सरळ मोजता येते. प्रयोगशाळेत तर अनेक वनस्पतींच्या बिया एकाच वेळी समोर मांडून भुंगेरा आधी कोणत्या संपवतो, हे पाहता आले. २००३ आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामांपैकी दुसऱ्यात भुंगेऱ्यांच्या ३० जाती आणि वनस्पतींच्या २८ जाती होत्या. निष्कर्ष असा की मोठा भुंगेरा मोठे बी निवडतो आणि लहान भुंगेरा लहान. पण केवळ आकारावर सगळे ठरत नाही, भुंगेरा कोणत्या गटातला आहे यावरही पसंती बदलते. हार्पलसच्या नातलगांना काटेरी सर्शियम या तणाचे बी विशेष प्रिय, तर अमारा गटातील काही जाती मोहरीच्या कुळातील तणांच्या बारीक बियांकडे वळतात.

निवडीमागील कारणे मात्र अजून एकेक करून उलगडत आहेत. टरफलाची जाडी आणि जबड्याची ताकद यांचा मेळ बसला नाही तर पौष्टिक बीसुद्धा निरुपयोगी ठरते. पाणी शोषून फुगलेल्या बीला वास सुटतो, टरफलही मऊ होते, आणि काही जाती अशा बीकडे अधिक ओढल्या जातात. २०१० मध्ये जोनाथन लुंडग्रेन आणि मायकेल लेहमन यांनी दाखवून दिले की हार्पलस पेन्सिल्व्हॅनिकसला प्रतिजैविके दिली, तर तो चाकवताच्या बिया कमी खातो. म्हणजे बी पचवण्यात आतड्यातील जिवाणूंचाही हात आहे. (आपण आवडीने ताकात घालून खातो तीच चाकवत तिकडच्या मक्याच्या शेतात डोकेदुखीचे तण आहे.)

डबीतील पसंती शेतात कितपत टिकते, हा पुढचा प्रश्न. ब्रिटनमध्ये जनुकीय बदल केलेल्या पिकांच्या चाचणीसाठी देशभर जमवलेली आकडेवारी डेव्हिड बोहन आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या हेतूने पुन्हा तपासली आणि २०११ मध्ये २५७ शेतांवरून दाखवले की जमिनीतील तणबियांच्या साठ्यात होणारा बदल या भुंगेऱ्यांच्या संख्येशी निगडित आहे. हा संबंध सहसंबंधाच्या स्वरूपाचा आहे, त्यातून कार्यकारणभाव आपोआप सिद्ध होत नाही. तरी प्रयोगशाळेतील निरीक्षणांना शेताच्या पातळीवर मिळालेला तो पहिला मोठा आधार होता. त्यानंतर चर्चा मशागतीकडे वळली, कारण बहुतेक भुंगेरे पृष्ठभागावरचेच बी वेचतात आणि कापणीनंतर लगेच खोल नांगरट केली, तर उन्हाळ्याच्या अखेरीस गळलेले बी त्यांना सापडण्याआधीच मातीखाली जाते.