प्रॉपर्टी टॅक्स प्रोटेस्टमधली सेटलमेंट ऑफर (टेक्सास)

टेक्सासमध्ये टॅक्ससाठी लावलेल्या घराच्या किमतीवर प्रोटेस्ट, म्हणजे हरकत, टाकला की सुनावणीच्या पॅनलसमोर जायच्या आधीच अप्रेझल डिस्ट्रिक्टकडून (ही किंमत ठरवून मालकाला नोटीस पाठवणारं स्थानिक कार्यालय) बऱ्याचदा एक कमी केलेला आकडा येतो, त्याला सेटलमेंट ऑफर म्हणतात. घ्यायची की नाकारायची हे मालकाने ठरवायचं असतं आणि बहुतेक लोक ते नोटीशीतल्या आकड्याकडे बघून ठरवतात, चाळीस हजार कमी झाले ना मग बास. खरं तर नोटीशीचा आकडा ही तुलनेची जागाच नाही. दोनच गोष्टी बघायच्या, या ऑफरने यंदाचं बिल खरंच कमी होतं का, आणि हिअरिंगला, म्हणजे पॅनलसमोरच्या सुनावणीत, आपल्याला किती सिद्ध करता येईल.

आधी प्रोसेस थोडक्यात. राज्याला इन्कम टॅक्स नाही त्यामुळे शाळा, काउंटी, शहर यांचा बराच भार प्रॉपर्टी टॅक्सवर असतो. किंमत १ जानेवारीच्या स्थितीवर ठरते, वसंतात नोटीस येते, प्रोटेस्टची मुदत १५ मे किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यातली जी नंतरची असेल ती. त्यानंतर डिस्ट्रिक्टच्या अप्रेझरशी अनौपचारिक बोलणी, ऑफिसात, फोनवर किंवा ऑनलाइन. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत यासाठी आयसेटल नावाची ऑनलाइन सोय आहे, आपण आपल्या मते किंमत किती ते टाकायचं, अप्रेझर बघतो आणि ऑफर पाठवतो. तिथे जमलं नाही तर अप्रेझल रिव्ह्यू बोर्ड, म्हणजे एआरबी, स्थानिक नागरिकांचं पॅनल. घरांची हिअरिंग्ज साधारण पंधरावीस मिनिटांत उरकतात.

आता कॅप, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. राहत्या घराला होमस्टेड (स्वतः राहत असलेल्या घराची टॅक्स सवलत) लागलेलं असेल तर टॅक्ससाठी धरायची किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही (नवीन बांधकाम वेगळं), मार्केट व्हॅल्यू कितीही उडी मारू दे. म्हणून नोटीशीवर दोन आकडे असतात, मार्केट आणि अप्रेझ्ड, म्हणजे कॅप लावून टॅक्ससाठी धरलेला. समजा गेल्या वर्षीची अप्रेझ्ड ३ लाख ४० हजार डॉलर, म्हणजे यंदाची कॅप ३ लाख ७४ हजार. नोटीशीत मार्केट ४ लाख २० हजार आणि ऑफर आली ३ लाख ९५ हजारांची. पंचवीस हजार कमी झाल्याचा आनंद होतो पण टॅक्स आधीही ३ लाख ७४ हजारांवर होता आणि सही केल्यावरही तेवढ्यावरच राहणार, बचत शून्य!! ऑफर कॅपच्या खाली गेली तरच त्यात पैसे आहेत. पुढच्या वर्षीची कॅपसुद्धा अप्रेझ्ड आकड्यावरूनच निघते त्यामुळे 'पुढे उपयोग होईल' या समजुतीलाही फारसा आधार नाही. भाड्याने दिलेलं घर, मोकळी जागा वगैरे होमस्टेड नसलेल्या साधारण ५० लाख डॉलरपर्यंतच्या मालमत्तांना २०२४ ते २०२६ या वर्षांसाठी २० टक्क्यांची तात्पुरती कॅप आहे, तिथेही हेच गणित. आणि मालकाचं वय ६५ किंवा जास्त असेल तर शाळेच्या टॅक्सला वरची मर्यादा लागलेली असते, त्यामुळे थोड्याशा घटीची ऑफर बिलातल्या शाळेच्या ओळीत काहीच हलवत नाही.

कॅपचा प्रश्न नसेल तर मग पुरावा. हिअरिंगच्या किमान १४ दिवस आधी डिस्ट्रिक्टने कळवायचं असतं की आमचा पुरावा तुम्ही बघू शकता, त्याची प्रत फुकट मिळते आणि ती मागितल्याशिवाय ऑफरवर निर्णय घेऊच नये असं माझं मत. टेक्सासमध्ये विक्रीच्या किमती सरकारदरबारी जाहीर करायची सक्ती नाही, त्यामुळे सामान्य माणसाला घरबसल्या आजूबाजूच्या विक्रीचे आकडे मिळवायची ही जवळजवळ एकच वाट.

डिस्ट्रिक्टच्या या पुराव्यात एक तक्ता असतो, डावीकडे आपलं घर, बाजूला तुलनेची घरं म्हणजे कॉम्प्स, खाली प्रत्येकाची क्षेत्रफळ, वय, दर्जा यानुसार फरक करून काढलेली किंमत. समजा घर होमस्टेड नसलेलं आहे, किंमत २० टक्क्यांच्या कॅपच्या खालीच आहे, नोटीस ४ लाख ५ हजारांची आणि पाच कॉम्प्स ३ लाख ५२, ३ लाख ६१, ३ लाख ६८, ३ लाख ९० आणि ४ लाख १२ हजारांचे. मधला आकडा ३ लाख ६८ हजार. नीट बघितलं तर ४ लाख १२ वाल्याकडे स्विमिंग पूल आहे आणि त्याचा फरक कापलेलाच नाही. तो काढला की मध्य ३ लाख ६४ हजार ५०० वर येतो, हा आपला आकडा. ऑफर ३ लाख ८५ हजार असेल तर फरक २० हजार ५०० चा, सगळे मिळून टॅक्सचा दर २ टक्के धरला तर ४१० डॉलर, म्हणजे हिअरिंगला जायला हरकत नाही. ऑफर ३ लाख ७० हजार असेल तर मात्र ११० डॉलरसाठी अर्धा दिवस घालवायचा, शिवाय पॅनल पूर्ण आकडा देईलच असं नाही, तिथे सही करून मोकळं व्हावं. कायद्यात 'अनइक्वल अप्रेझल' म्हणून वेगळा मुद्दाही आहे, म्हणजे विक्री सोडा, आसपासच्या तशाच घरांना डिस्ट्रिक्टने स्वतः किती लावलंय त्याचा मध्य काढायचा, कित्येकदा हा आकडा विक्रीवाल्यापेक्षा खाली येतो म्हणून दोन्ही काढून बघावेत. भिंतीला तडे, फाउंडेशन खचलंय, तर दुरुस्तीचं कोटेशन आणि फोटो, पण १ जानेवारीला ते नुकसान असायला हवं.

नाकारलं तर पॅनल किंमत वाढवेल ही भीती खूप जणांना असते. २०१९ च्या सुधारणेनंतर एआरबीला डिस्ट्रिक्टने रेकॉर्डला लावलेल्या किमतीच्या वर जाता येत नाही. धोका वेगळा आहे. ऑफर सहसा हिअरिंगपर्यंत टिकत नाही, तिथे अप्रेझर ऑफरपेक्षा जास्त आकडा मांडू शकतो आणि पॅनल नोटीशीचा आकडा जसाच्या तसा ठेवू शकतं. किंमत सिद्ध करायची जबाबदारी मुळात डिस्ट्रिक्टची, हे खरं, पण रिकाम्या हाताने गेलात तर ते फार कामी येत नाही. आणि हिअरिंगला गैरहजर राहिलात तर प्रोटेस्ट डिसमिस होतो.

सही मात्र विचार करून. टॅक्स कोडच्या कलम १.१११(ई) प्रमाणे मालकाने किंवा त्याच्या एजंटने डिस्ट्रिक्टशी केलेलं ॲग्रीमेंट अंतिम असतं, ऑनलाइन 'ॲक्सेप्ट' दाबलं तरी तेच. मग एआरबी नाही, आर्बिट्रेशन (बाहेरच्या लवादाचा निवाडा) नाही, कोर्ट नाही, आणि नंतर 'किंमत फारच जास्त होती' म्हणून दुरुस्ती मागायची वाटही बंद. एजंट नेमला असेल तर तो आपल्या वतीने ऑफर स्वीकारू शकतो, शेकडो घरं हाताळणाऱ्याला पटकन मिटवणं परवडतं, म्हणून मला विचारल्याशिवाय सही नाही हे आधीच लिहून घ्यावं आणि फी कशाच्या टक्क्यावर, टॅक्सच्या खऱ्या बचतीवर की मार्केट व्हॅल्यूतल्या घटीवर, तेही वाचून घ्यावं.

समोरासमोर किंवा फोनवर बोलणी चालू असतील तर पहिला आकडा शेवटचा नसतो, पूलवाला कॉम्प दाखवून परत मागता येतं. ऑनलाइनला बहुतेक ठिकाणी हो किंवा नाही एवढंच.

ऑफर नाकारून एआरबीतही मनासारखं झालं नाही तर ऑर्डर मिळाल्यापासून ६० दिवसांत कोर्टात किंवा बाइंडिंग आर्बिट्रेशनला जाता येतं. ५ लाख डॉलरपर्यंतच्या होमस्टेडला आर्बिट्रेशनचं डिपॉझिट ४५० डॉलर, निकाल एआरबीच्या आकड्यापेक्षा आपल्या आकड्याच्या जवळ लागला तर ५० डॉलर कापून परत मिळतं. पण वाद चालू असला तरी ज्या रकमेबद्दल वाद नाही तेवढा टॅक्स ३१ जानेवारीपर्यंत भरावाच लागतो.