जेवण झाल्यावरची दहा मिनिटं

जेवून उठलं की बहुतेक जण खुर्चीत टेकतात किंवा थोडं आडवं होतात. शरीराच्या आत मात्र तेव्हाच मोठी धांदल सुरू झालेली असते. अन्नातला पिष्टमय भाग पचून त्याचं ग्लुकोज होतं, ते आतड्यातून रक्तात उतरतं आणि जेवण सुरू केल्यापासून साधारण तासाभरात रक्तातली साखर वर चढते. ती खाली आणण्याची जबाबदारी स्वादुपिंडातून येणाऱ्या इन्सुलिनवर असते.

या साखरेचा सर्वांत मोठा वाटा उचलतात आपले स्नायू. स्नायूंच्या पेशींमध्ये ‘ग्लूट-४’ नावाची प्रथिनं असतात. एरवी ती पेशीच्या आत नुसती पडून असतात. इन्सुलिनचा निरोप आला की ती पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि ग्लुकोजला आत यायला वाट करून देतात. पण त्यांना वर आणणारी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे स्नायूंचं आकुंचन. आपण चालू लागलो की मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतात. ज्यांच्या शरीरात इन्सुलिनला पेशी नीट दाद देत नाहीत, त्यांच्यातही हा दुसरा मार्ग बऱ्यापैकी शाबूत असतो. मला हे शरीराचं फार मोठं औदार्य वाटतं. त्यासाठी धापा टाकायची गरज नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं रमतगमत घातलेली शतपावली पुरते. मात्र जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

जेवणाचा वेगही असाच दुर्लक्षित. पोट ताणलं गेल्याचा संदेश आणि आतड्यातून निघणारी संप्रेरकं मेंदूला ‘आता पुरे’ असं कळवतात, पण त्याला वेळ लागतो. भराभर जेवणारा माणूस तो निरोप पोचायच्या आतच गरजेपेक्षा जास्त खाऊन मोकळा होतो.

२०१९ साली अमेरिकेत केविन हॉल यांच्या गटाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. २० प्रौढांना महिनाभर संशोधन केंद्रात ठेवून दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांतले उष्मांक, साखर, मीठ, चरबी आणि चोथा यांचा मेळ घातलेला होता; हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलोने वाढली. ते अन्न मऊ, चावायला सोपं. त्यामुळे घास भरभर जात होते. म्हणून मी तर म्हणेन, ताटात चावावं लागेल असं काहीतरी असू द्या: अख्खं धान्य, कडधान्य, सालीसकट फळ, कच्ची भाजी.

आता हालचालीचा हिशेब. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांची तुलना केली. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिन्यावर वर-खाली. वाहकांमध्ये हृदयविकार बराच कमी आढळला. चालक मुळातच जाड असतील, ही शंका रास्त होती. मॉरिस यांनी पुढे गणवेशाच्या कमरेची मापंसुद्धा तपासली! चालकांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या, पण एकाच मापाच्या माणसांतही वाहकच सरस ठरले.

रोज १०,००० पावलांचा आकडा मात्र मनाला लावून घेऊ नका. तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला, संशोधनातून नव्हे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते, आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही. हा दुसरा भाग लोक हमखास विसरतात. वय वाढतं तसे स्नायू झिजत जातात, म्हणजे साखर साठवायची जागाच आक्रसते. सुरुवात म्हणून हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा. सोपं वाटू लागलं, तर खाली बसताना तीन अंक मोजत, सावकाश टेका.