वाळवीचं घर तिच्या पोटावरून ठरतं

दाराच्या चौकटीखाली खसखशीएवढे दाणे साचत असतील, तर जोत्याशी खणून जमिनीत औषध ओतण्यात अर्थ नाही. ती क्रिप्टोटर्मिस, म्हणजे कोरड्या लाकडातली वाळवी. मातीशी तिचा संबंधच नसतो. जे लाकूड खायचं, त्याच्याच पोटात राहायचं. बाहेरून पाणी मिळत नाही, म्हणून ती विष्ठेतला ओलावासुद्धा आतड्यात शोषून घेते. शेवटी उरतो तो सहा कडांचा कडक दाणा. लाकडातलं सेल्युलोज पचवायला तिच्या आतड्यात आदिजीव असतात. वसाहत लहान, फार तर काही हजारांची.

माळावर दिसणारी मोठी वारुळं बहुधा ओडोन्टोटर्मिस ओबेससची. हिच्या पोटात ते आदिजीव नाहीत. पचनाचं निम्मं काम तिने पोटाबाहेर काढलंय, आणि मला तरी वाळवीच्या साऱ्या कुळात हाच प्रकार सर्वांत नवलाचा वाटतो. कामकरी वाळव्या वाळकी लाकडं आणि पालापाचोळा खाऊन येतात आणि अर्धवट पचलेल्या विष्ठेचे सच्छिद्र पोळे रचतात. त्यावर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढते, चिवट भाग मऊ करते, आणि मग वाळवी तेच पोळे खाते. या शेतीला दमट, उबदार हवा लागते. वारुळाच्या जाड भिंती ती सांभाळतात. पावसाळ्यात याच बुरशीच्या छत्र्या मातीतून वर येतात. कोकण-गोव्यात चढ्या भावाने विकली जाणारी रानातली अळंबी ती हीच. वारूळ मोडलं की तिथली अळंबीही गेली. आंब्याच्या खोडावर मातीचा लेप दिसला की लोक घाबरतात, पण त्याआड ही वाळवी बहुतेक वेळा मेलेली सालच खात असते.

गवताळ रानातली ट्रायनर्विटर्मिस वाळलं गवत तोडून घरट्यात साठवते. तिच्या सैनिकांच्या डोक्याला सोंडेसारखं टोक असतं. मुंग्या चालून आल्या की त्यातून ते चिकट द्रव फवारतात.

काही जाती तर चक्क माती खातात. पश्चिम घाटाच्या जंगलातली डायकस्पिडिटर्मिस त्यांतलीच. मातीत मिसळलेल्या कुजक्या अंशावर त्या जगतात. आफ्रिकेतल्या अशाच क्युबिटर्मिसच्या आतड्यात पीएच १२च्या वर जातो. इतकं अल्कधर्मी पोट प्राणिजगतात क्वचितच सापडतं. जगातल्या सुमारे ३००० जातींपैकी इमारतींचं मोठं नुकसान करणाऱ्या जाती शंभराच्या आतच आहेत, आणि माती खाणाऱ्या त्यांत नाहीत.