दिवस उगवतो म्हणजे काय उगवतं?

‘दिवस कासराभर वर आला’ असं शेतावरचा माणूस म्हणतो, तेव्हा त्याला सूर्यच म्हणायचा असतो. दिवस उगवतो, डोक्यावर येतो, कलतो, मावळतो. बोलीतला हा वापर शब्दाच्या मुळाला अगदी धरून आहे.

‘दिवस’ आपण संस्कृतातून जसाच्या तसा घेतला. त्याच्या मुळाशी आहे ‘दिव्’, म्हणजे चकाकणं, उजळणं. तेजस्वी तो ‘देव’ आणि उजळलेलं आकाश ते ‘द्यौः’, हे शब्दही त्याच कुळातले. हे कूळ पार युरोपापर्यंत पसरलेलं आहे. लॅटिनमध्ये दिवसाला ‘दिएस’ म्हणत. ऋग्वेदातला ‘द्यौष्पितर्’, ग्रीकांचा ‘झ्यूस पातेर’ आणि रोमनांचा ‘ज्युपिटर’ ही तर एकाच नावाची तीन रूपं! इंग्रजी ‘डे’ मात्र या घरातला नाही. तो ‘दिएस’सारखा दिसतो, पण जर्मानिक भाषांमधल्या वेगळ्याच मुळापासून आला आहे. आपला ‘दिवा’ही ‘दिवस’चा सख्खा नव्हे, तो ‘दीप’वरून आला.

थोडक्यात, या शब्दात आधी उजेड आहे, कालगणना नंतरची. चोवीस तासांच्या पूर्ण फेऱ्यासाठी संस्कृतात ‘अहोरात्र’ हा नेमका शब्द होता. पंचांगात आजही हा भेद जपलेला दिसतो: अहोरात्र ६० घटींचं (घटी म्हणजे २४ मिनिटं), आणि त्यातला सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच काळ म्हणजे दिनमान. त्याचे चार भाग ते प्रहर, दोन प्रहर सरले की दुपार. मुंबईत जूनमध्ये दिनमान सुमारे सव्वातेरा तासांचं असतं, डिसेंबरमध्ये ते अकरा तासांवर येतं. साहजिकच उन्हाळ्यातला प्रहर हिवाळ्यातल्या प्रहरापेक्षा अर्ध्या तासाहूनही मोठा भरतो.

विषुवदिनी दिवस आणि रात्र समान असतात, असं आपण शाळेत शिकतो. प्रत्यक्षात त्या दिवशीही उजेडाचंच पारडं जड असतं. एक तर बिंबाची वरची कड दिसली की आपण सूर्योदय मानतो आणि तीच कड बुडाली की सूर्यास्त. शिवाय हवेतून येताना प्रकाश वाकतो. त्यामुळे क्षितिजाला टेकलेलं बिंब आपल्याला दिसत असतं, तेव्हा सूर्य खरं तर क्षितिजाखाली गेलेला असतो. या दोन कारणांनी मुंबईत विषुवदिनाचं दिनमान बारा तासांपेक्षा सुमारे ७ मिनिटांनी जास्त भरतं. बरोबर बारा तासांचा दिवस तिथे मार्चच्या मध्यालाच होऊन गेलेला असतो.