स्मरणचित्रापासून विडीच्या सुपापर्यंत

सोलापुरात चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीची वीसेक चित्रं नुकतीच पाहायला मिळाली. विडी वळणाऱ्या बायका, रात्री नळाला पाणी येईल म्हणून उंबऱ्यावर पेंगणारी म्हातारी, सेटलमेंट नावाच्या वस्तीतली पोरं. बघणाऱ्यांनी लगेच ‘सामाजिक विषय’ असं नाव देऊन टाकलं. या नावामागे बराच इतिहास आहे. त्यातला माझ्या मते कळीचा प्रश्न असा, की चित्राला विषय कोण देतो?

आपल्याकडे तो बहुतेक वेळा वरून येत आला. मुंबईची जे. जे. ही कलाशाळा इंग्रजांच्या काळातली, १८५७ सालची. शाळेतल्या मुलांचा चित्रकलेशी रीतसर संबंध येतो तो एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांतून. स्मरणचित्राच्या पेपरात भाजी मंडई, बसथांबा, नळावरची गर्दी असे विषय पडतात. गंमत म्हणजे सोलापुरातल्या पोराला नळावरची गर्दी आठवावी लागत नाही, ती दारातच असते. पण पेपरातल्या बायका गोऱ्यापान, घागरी चकचकीत, रांग सरळ. शिक्षक तसंच शिकवतात, कारण ग्रेड तशीच मिळते आणि दहावीला वाढीव गुणही. पुढे ‘पाणी वाचवा’, ‘मुलगी शिकवा’ या पोस्टर स्पर्धा येतात. तिथे तर विषयासोबत घोषवाक्यही तयार मिळतं.

शहराची स्वतःची चित्रपरंपरा मात्र वेगळीच आहे, आणि तिला कुणी कला म्हटलं नाही. जुनी मिल ही कापडगिरणी १८७७ च्या सुमारास सुरू झाली. पुढे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी मागांचा पसारा वाढवला. जेकार्ड या नक्षी विणणाऱ्या मागावरच्या चादरीवर फूल किंवा मोर उमटतो, तो आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढलेला असतो. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात आणि त्या भोकांच्या हिशेबाने धागे वर उचलले जातात. याच पद्धतीने पुढाऱ्यांचे चेहरेही वॉल हँगिंगवर विणले गेले. चौकोन मोजत हुबेहूब नाक आणणाऱ्या माणसाला आम्ही डिझाइन मास्तर म्हणतो, चित्रकार म्हणत नाही. त्याचाही विषय गिऱ्हाईक ठरवायचं. सिनेमाचे बॅनर आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचं तेच होतं. फ्लेक्स आल्यावर ते कामही गेलं.

विषय स्वतः शोधायला निघालेली माणसं देशात होतीच. चित्रकार चित्तप्रसाद १९४३ च्या दुष्काळात बंगालमधल्या मेदिनीपूरच्या गावांतून पायी फिरले आणि भुकेल्या माणसांची शाईतली रेखाटनं घेऊन परतले. त्यांची पुस्तिका निघाली, तिच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून जाळल्या. नंतर मुंबईत अंधेरीला राहून त्यांनी राबणाऱ्या मुलांवर लिनोकट, म्हणजे लिनोलियमवर कोरून काढलेले छाप, केले. त्यांचा जन्म १९१५ चा, आणि त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात, पंढरपुरात, चित्रकार एम. एफ. हुसेन जन्मले. हुसेन यांनी सिनेमाचे फलक रंगवत सुरुवात केली, १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह या मुंबईच्या नव्या चित्रकारांच्या गटात गेले. आमच्या मुलांना हुसेन ठाऊक असतात, निदान घोड्यांपुरते. चित्तप्रसाद बहुधा नसतातच. ठाण्याचे सुधीर पटवर्धन पेशाने रेडिओलॉजिस्ट. त्यांनी लोकलमधली, इराणी हॉटेलातली कामकरी माणसं कॅनव्हासवर भरभक्कम उभी केली. त्यांच्या चित्रांत घोषवाक्य नसतं.

सोलापूरकडे असे विषय ढिगाने होते. स्वातंत्र्यलढ्यात मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा या चौघांना फाशी झाली. त्यांचे पुतळे झाले, तसबिरी झाल्या. पण ज्यांना ‘गुन्हेगार जमाती’ ठरवून तारेच्या कुंपणात कोंडलं, ती सेटलमेंट तसबिरीत आली नाही. तो शिक्का कायद्याने ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला गेला. वस्तीचं नाव अजून सेटलमेंटच आहे. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, घर बायकांच्या विड्यांवर चालू लागलं, तेही कुणी रंगवलं नाही.

म्हणून या मुलीच्या वहीत मला रस वाटला. तिची आई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली टेंभुर्णीची पानं, पत्र्याचा साचा, कात्री, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. हजार विड्या झाल्या की कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथे तपासणीत काही खराब म्हणून बाजूला पडतात. मुलीने पहिलं चित्र काढलं ते परीक्षेच्या सवयीने: आई प्रसन्न, पदर नीट, मागे खिडकीत सूर्य.

आईने ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “कात्री अशी धरली तर पान फाटतंय की गं.”

पुढची अकरा पानं नुसती हातांची आहेत.