पिकअपच्या इंजिनासाठी सुपरचार्जर किट कसं निवडावं

पेट्रोल इंजिनाची ताकद किती, हे शेवटी हवा ठरवते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त सोडणं सोपं असतं, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर थोडा अधिक वेळ उघडा ठेवला की झालं. हवा मात्र पिस्टन खाली सरकताना वातावरणाच्या दाबाने जेवढी आत शिरेल तेवढीच मिळते. सुपरचार्जर ही मर्यादा ओलांडतो. इंजिनाच्या मुख्य दांड्यावरून, म्हणजे क्रँकशाफ्टवरून, पट्ट्याने फिरणारा हा कॉम्प्रेसर सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्यापेक्षा दाट हवा भरतो.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये हवा ढकलणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा मोटारी नव्हत्याच. पिकअपच्या जगात तर खुद्द कारखान्यांनीच ही वाट चोखाळली आहे. फोर्डच्या १९९९ च्या एफ-१५० लाइटनिंगमध्ये ५.४ लिटरच्या इंजिनावर सुपरचार्जर होता आणि ताकद ३६० अश्वशक्ती होती. २०२१ च्या रॅम टीआरएक्सने ७०२ अश्वशक्ती गाठली. पण या गाड्यांची इंजिनं सुपरचार्जर धरूनच आखलेली होती. वर्षानुवर्षं साध्या इंजिनावर चाललेल्या पिकअपला बाहेरून किट बसवायचं असेल, तर प्रश्न वेगळा होतो.

किटच्या जाहिरातीत पहिला आकडा असतो बूस्टचा, म्हणजे वातावरणापेक्षा वाढीव दाबाचा: ६ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), ८ पीएसआय. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय असतो. त्यात ७ ची भर पडली की दाब जवळजवळ दीडपट होतो, म्हणून ताकदही दीडपट होईल असं वाटतं. तसं होत नाही, आणि का होत नाही हे समजलं की निवडीचं निम्मं काम होतं.

सायकलला हवा भरताना पंप तळाशी गरम होतो. दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा विरळ असते. बाहेर ३० अंश सेल्सिअस तापमान असताना हवा ७ पीएसआयने दाबली, तर आदर्श कॉम्प्रेसरमध्येही ती सुमारे ३६ अंशांनी तापते. खरा कॉम्प्रेसर आदर्श नसतो. त्याची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर वाढ ६० अंशांची, म्हणजे हवा ९० अंशांवर. दाब दीडपट झाला, पण सिलिंडरमध्ये शिरलेल्या हवेचं वजन जेमतेम २३ टक्के वाढलं. तीच हवा इंटरकूलरमधून, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीतून, नेऊन ५० अंशांवर आणली, तर वजन ३८ टक्के वाढतं. पट्टा तोच, पुली तीच, आणि फरक एवढा. म्हणून माझ्या मते किटमध्ये सर्वांत आधी इंटरकूलर पाहावा आणि बूस्टचा आकडा त्यानंतर. इंटरकूलर नसलेलं स्वस्त किट पिकअपला बसवूच नये.

बूस्टच्या आकड्यात आणखी एक फसगत आहे. मॅनिफोल्डमधला दाब म्हणजे इंजिनाला गिळता न आलेली, दारात थोपलेली हवा. एक्झॉस्ट मोकळा केला किंवा व्हॉल्व्हमधून हवा अधिक सहज जाऊ लागली, तर गेजवरचा बूस्ट कमी दिसतो आणि ताकद मात्र वाढते. दोन वेगळ्या इंजिनांवरच्या किटची तुलना नुसत्या पीएसआयवर करण्यात म्हणूनच अर्थ नाही.

आता कॉम्प्रेसरचे प्रकार. पहिला रूट्स घराण्यातला: दोन रोटर एकमेकांत फिरत हवा ओढून पुढे ढकलतात. जुने रूट्स हवा फार तापवत. ईटन कंपनीच्या टीव्हीएस रचनेत चार पाकळ्यांचे, १६० अंशांत पिळलेले रोटर आले आणि कार्यक्षमता बरीच सुधारली. मॅग्नसन आणि एडलब्रॉक या कंपन्यांची बरीच किट याच रोटरवर उभी आहेत. दुसरा ट्विन-स्क्रू, व्हिपल कंपनी वापरते तो. यात हवा रोटरच्या आतच दाबली जाते. तिसरा सेंट्रिफ्यूगल, प्रोचार्जर आणि व्होर्टेक यांचा. हा दिसायला टर्बोच्या अर्ध्या भागासारखा असतो, फक्त एक्झॉस्टऐवजी पट्ट्याने फिरतो.

पहिले दोन प्रकार दर फेऱ्याला ठरावीक आकारमानाची हवा हलवतात, त्यामुळे इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर असतानाही जवळपास पूर्ण बूस्ट मिळतो. सेंट्रिफ्यूगलमध्ये दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६००० फेऱ्यांवर ७ पीएसआय देणारा कॉम्प्रेसर ३००० फेऱ्यांवर पावणेदोनच्या आसपास देतो. शर्यतीच्या हलक्या गाडीला हे चालतं, कारण तिचं इंजिन सतत वरच्या फेऱ्यांत असतं. पिकअपचं आयुष्य वेगळं. मागे ट्रेलर आहे, समोर चढ आहे, इंजिन २००० ते ३५०० फेऱ्यांमध्ये घाम गाळतंय. तिथे खालच्या फेऱ्यांतला टॉर्कच, म्हणजे चाक फिरवणारा जोरच, उपयोगी पडतो. ओझं ओढणाऱ्या पिकअपसाठी मी टीव्हीएस किंवा ट्विन-स्क्रूच निवडेन. सेंट्रिफ्यूगलचीही एक जमेची बाजू आहे: खालच्या फेऱ्यांत तो सिलिंडरवर ताण कमी टाकतो आणि पुढच्या बाजूला बसत असल्याने मूळ मॅनिफोल्ड काढावा लागत नाही. रिकाम्या पिकअपवर महामार्गाचा वेग हवा असेल, तर तो वाईट नाही.

आकार आणि पुली यांचं गणित कागदावर करून पाहावं. ५.३ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात त्याच्या निम्मी, म्हणजे २.६५ लिटर हवा ओढतं. दर फेऱ्याला १.९ लिटर हलवणारा सुपरचार्जर क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरवला तर तो ३.८ लिटर देतो. ३.८ भागिले २.६५, म्हणजे १.४३. साधारण तेवढाच दाबाचा पट. रोटरवरची पुली लहान केली की तो आणखी वेगाने फिरतो आणि बूस्ट वाढतो, पण हवाही अधिक तापते, म्हणून लहान सुपरचार्जर जोरात पळवण्यापेक्षा मोठा संथ फिरवणं बरं. यासाठी लागणारी शक्ती इंजिनच देतं. वरच्या उदाहरणात ६००० फेऱ्यांवर नुसती हवा दाबायला ३० अश्वशक्तीच्या आसपास खर्च होते. पाय हलका असताना बायपास व्हॉल्व्ह उघडून हवा पुन्हा मागे फिरवतो, त्यामुळे रोजच्या संथ प्रवासात हा भुर्दंड फारसा पडत नाही. ज्या किटमध्ये हा व्हॉल्व्ह नीट बसवलेला नाही, ते बाजूला ठेवावं.

टीव्हीएस आणि ट्विन-स्क्रू किटमध्ये इंटरकूलर बहुधा पाण्याचा असतो. त्याचा गाभा रोटरजवळ मॅनिफोल्डमध्येच, पाण्याला वेगळा पंप, आणि समोर वेगळा रेडिएटर. पाण्यात उष्णता साठते, म्हणून काही सेकंदांच्या जोरकस धावेत ही व्यवस्था उत्तम चालते. परंतु ट्रेलर घेऊन लांब चढ चढताना पाणी हळूहळू तापत जातं, आणि मग समोरचा रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो यावरच सगळं ठरतं. शिवाय तो इंजिनाच्या रेडिएटरपुढे बसतो, म्हणजे त्याची गरम हवा मागच्यावर जाते. विक्रेत्याला विचारायचाच तर हा प्रश्न विचारावा: उन्हाळ्यात, पूर्ण ओझ्यावर, दहा मिनिटांनंतर मॅनिफोल्डमधल्या हवेचं तापमान किती राहतं?

एवढी काळजी कशासाठी, तर नॉकिंगसाठी. ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कडेचं मिश्रण उष्णता आणि दाबाने आपोआप भडकतं, तो नॉक. त्याचे हादरे पिस्टनच्या रिंगांमधली कड तोडू शकतात. इथे इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडर मिश्रणाला किती पट दाबतो तो आकडा, महत्त्वाचा ठरतो. शेव्हरोलेच्या जुन्या ५.३ लिटर इंजिनात तो साधारण ९.५ होता, २०१४ पासूनच्या इंजिनात ११ आहे, आणि फोर्डच्या २०१८ पासूनच्या ५.० लिटरमध्ये १२. नव्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्याच्या बाष्पीभवनाने आतली हवा थंड होते, म्हणून इतक्या रेशोवरही माफक बूस्ट चालतो. पण अमेरिकी मोजणीतल्या ९१ किंवा ९३ ऑक्टेनचं, नॉकला अधिक विरोध करणारं प्रीमियम पेट्रोल मग ऐच्छिक राहत नाही.

पेट्रोलचा पुरवठाही पाहायला हवा. हवा ३८ टक्के वाढली आणि सुरक्षेसाठी मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण थोडं अधिक ठेवलं, तर पूर्ण जोरावर पेट्रोल मूळच्या जवळपास दीडपट लागतं. थेट फवारणीच्या इंजिनात कॅमशाफ्टवर चालणारा उच्च दाबाचा पंप आधीच आपल्या मर्यादेजवळ असू शकतो. म्हणून किटसोबत कोणते इंजेक्टर, कोणता पंप आणि कोणत्या मॉडेलसाठी तयार केलेलं ट्यूनिंग (इंजिनाच्या संगणकातली जुळणी) येतं हे नीट वाचावं. "ट्यूनिंग स्वतंत्रपणे करून घ्या" असं लिहिलेलं किट म्हणजे अर्धवट किट.

पिस्टनचाही विचार करावा लागतो. साध्या इंजिनात रिंगांच्या टोकांमधली फट लहान ठेवलेली असते. बूस्टने रिंगा जास्त तापून प्रसरण पावल्या आणि दोन्ही टोकं एकमेकांना भिडली, तर पिस्टनच फुटतो. मूळ इंजिनावर सहा-सात पीएसआयच्या वर जाण्याचा मोह टाळावा, असं मी आवर्जून सांगेन. गिअरबॉक्सही वाढीव टॉर्क सोसणारा हवा, विशेषतः ओझं ओढताना.

अमेरिकेत कायद्याचाही प्रश्न आहे. प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेत ढवळाढवळ करायला तिथल्या क्लीन एअर अ‍ॅक्टने मनाई केली आहे. कॅलिफोर्नियात रस्त्यावर चालवायचं असेल, तर किटला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक लागतो, आणि तो ठरावीक वर्षाच्या ठरावीक इंजिनापुरताच असतो. दुसऱ्या मॉडेलचा क्रमांक आपल्या गाडीला चालत नाही. हा क्रमांक मिळवताना किटला प्रदूषणाच्या निकषांवर उतरावं लागतं, त्यामुळे त्याचं ट्यूनिंगही सहसा संयमित असतं. दोन किटमध्ये मन अडलं असेल, तर क्रमांक असलेलं घ्यावं, मग त्याची जाहिरातीतली अश्वशक्ती वीसने कमी का असेना.